सिद्रामप्पानं फोडलेला बांध

दुधनीजवळच्या सिद्रामप्पाच्या रानात बांध पडला तो बहात्तरच्या दुष्काळात. सरकारी साहेब दुर्बीण लावून आले, चुन्याची रेघ ओढली आणि ती नेमकी त्याच्या काळ्या रानाच्या खालच्या कडेनं गेली. माती अडली पाहिजे, म्हणाले. निम्मा खर्च सरकारचा. नको म्हणायची सोय कुणाला होती? सिद्रामप्पानं मजुरी घेऊन स्वतःच्याच रानात तो बांध घातला, आणि मन लावून घातला.

पंचाहत्तर साली पाऊस असा लागला की बांधाच्या वरच्या अंगाला तळंच साचलं. खाली धाकट्या भावाचं, संगप्पाचं रान मात्र ओल बेताची होऊन वेळेवर वापशाला आलं. दोघा भावांकडं एकेकच बैल. वारंगुळा करून एकाच जोडीवर दोघांची शेतं पेरायची, हा बापापासूनचा रिवाज. संगप्पाची ज्वारी पेरताना पाभर सिद्रामप्पानंच धरली. ती उगवूनही आली, तरी ह्याच्या रानात बेडूक ओरडतच होते.

तो तालुक्याला जाऊन साहेबांपुढं उभा राहिला. "साहेब, पाणी जायला दगडी सांडवा बांधून द्या की. पेरणी हातची चाललीया."

साहेब माणूस वाईट नव्हता. "सांडवा पाहिजेच, अप्पा. पण त्याचं अनुदान यंदापासून बंद झालंय. आणि बांध फोडलात तर खताची सवलतही जाईल. नवा नियम आहे."

म्हणजे बांध सरकारचा, आणि बुडायचं सिद्रामप्पानं!

घरी कणगी तळाला गेली होती. महादेवी नवऱ्याला म्हणाली, "खत नगं आपल्याला. वरीसभर खायाचं काय, ते बोला."

दुसऱ्या दिवशी त्यानं खोरं उचललं. वीतभर चर पाडू, पाणी हळूहळू निघून जाईल, असा त्याचा अंदाज. संगप्पाला सांगावं असं मनात आलं, पण तो नको म्हणाला तर? म्हणून नाहीच सांगितलं. पाण्याला वाट मिळाली मात्र, भिजलेला बांध ढासळायलाच लागला. सिद्रामप्पानं खोऱ्यानं माती लोटून पाहिली, शेवटी स्वतःच त्या भगदाडात आडवा बसला. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी गेलं. संगप्पाचे कोवळे कोंब मातीसकट ओढ्याला लागले.

संगप्पा आला तो भांडला नाही. भावाच्या गोठ्यातून आपला बैल सोडायला लागला.

"चार दिस ऱ्हाऊ दे रं," सिद्रामप्पा गयावया करत म्हणाला. "माझी पेरणी हू दे. मग तुझं रान दोघं मिळून परत पेरू."

"मातीच गेली, पेरायचं कशात?" संगप्पा कासरा सोडवत म्हणाला. "माझ्या रानाच्या कडंनं चर मीच काढून दिला असता की. मला इचारलं का न्हाईस, अण्णा?"

आणि तो बैल घेऊन आपल्या घराकडं निघून गेला.

आठवड्याभरात त्याचं रान हवं तसं वापशावर आलं. पण पेरणीच्या दिवसांत गावात कोण आपला बैल मोकळा ठेवतो? महादेवी बियाण्याची पाटी घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. संगप्पाच्या दारात जावं म्हणून सिद्रामप्पा दोनदा उठला आणि दोनदा खाली बसला. ऊन चढत गेलं. काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या, तरी त्याचा पाय काही उचलला नाही.