बारशातली नक्कल

इंदापूरच्या तहसील कचेरीतल्या जुन्या वारसनोंदी उतरवून मी आमच्या घराण्याची वंशावळ मांडली, तेव्हा हाती आयतं नाटकच लागलं. पिढ्या सहा, पण पुरुषांची नावं दोनच. आजोबाचं नाव नातवाला, म्हणून एकाआड एक तीच. बायकांचीही तीच गत. आमच्यात लग्नात ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचा, आणि ते ठरलेलं, त्याच्या आजीचं. त्यामुळं कागदावर दर तिसऱ्या पिढीला आजी-आजोबाच पुन्हा बोहल्यावर चढत होते, तेही न लाजता. हे मी चुलत भावंडांना उभा राहून, आवाज बदलून ऐकवायचो.

एकच चौकट रिकामी होती. आईचं माहेरचं नाव. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि ती असताना मी ते कधी विचारलंच नाही. मामाही तिला आक्काच म्हणायचे. शेवटी सांगवीला मामांकडं गेलो. त्यांनी नाव सांगितलं आणि मी वही मिटली.

माझ्या मुलीच्या बारशाला, पाळण्याजवळ, आईनं हळूच हेच नाव सुचवलं होतं. "ह्ये ठेवा की. हाकेला बरं हाय." तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी मात्र डोक्यावर टॉवेलचा पदर घेतला, कमरेत वाकलो आणि त्या नावाची एक म्हातारी पाहुण्यांसमोर उभी केली. मिसरी लावणारी, शेळ्यांना शिव्या देणारी. अख्खा मांडव हसला. आईही हसली, मग घुगऱ्या वाटायला उठली. मुलीला आम्ही मासिकातलं एक नवं नाव ठेवलं.

"मामा, तुम्ही तिथंच होता. बोलला का नाही?"

"आरं, आमाला वाटलं तुला ठावं हाय. आईची चेष्टा करतूयास म्हनून आमी बी हसलो. निघताना आक्काला इचारलं, तर म्हनली, त्येला म्हाईत न्हाय, आन तू बी सांगू नगंस, वाईट वाटंल त्येला. नक्कल मातर झ्याक केली म्हनली."

गेल्या महिन्यात बारामतीला पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. नाव अजून ठरायचं होतं. मी त्याला बाजूला घेऊन आईचं ते नाव सुचवलं.

तो खो खो हसत सुटला. "काका, शेळीवाल्या म्हातारीचं व्हय?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या रं, काका म्हातारी करणार हायेत."

खुर्च्या सरकल्या, पोरं पुढं येऊन बसली, वहिनींनी टॉवेलही आणून दिला. आमच्या घरात त्या नावाची आता ती एकच बाई उरली आहे, आणि ती मी केलेली.

टॉवेल खांद्यावर टाकून मी घुगऱ्यांचं पातेलं उचललं आणि वाटायला लागलो.