भैयाजीच्या कॅमेऱ्यातला गोरा नंबर

रंजीता रामटेकेबद्दल गोंडपिपरीत कोणाले बी विचारा, पह्यले हेच सांगतील का बाई तापट आहे. मी म्हणतो, तापट नसती तं या धंद्यात ती येडी झाली असती. ती ज्या स्टुडिओत फोटो काढते त्याच्या भिंतीले भिंत लागून माझं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. तिचं मालकासंगचं भांडण मी रोज आयकतो, अन खरं सांगतो, एक डाव बी चूक तिची नव्हती. चूक होती त्या मालकाची, भैयाजीची, अन त्याच्या कॅमेऱ्यातल्या गोऱ्या नंबराची.

हा गोरा नंबर काय भानगड आहे ते आधी सांगतो. मोठ्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल डायल रायते. त्याच्यातल्या एका नंबरावर आपल्याले पाहिजे तो रंग, उजेड, फोटोचा साईज, सारं एकदा बसवून ठेवता येते. मंग डायल त्या नंबरावर नेला का झालं, डोकं लावाचं कामच नाई. भैयाजीनं काय केलं, उजेड चढवला, रंग फिका केला, अन चामडी गुळगुळीत कराचा जो ऑप्शन असते तो शेवटापर्यंत ताणला. फोटो जमा व्हाचा तो बी लहान साईजमधी. काऊन? तं म्हणे एका कार्डात हळदीपासून बिदाईपर्यंत सारं लग्न मावलं पाहिजे. अन हे कोणी हलवू नये म्हणून डायलवर खाकी टेप चिकटवला. त्या नंबरापुढं जो उभा राह्यला तो, बाई असो का बाप्या, सोललेल्या आलूसारखा निघे.

आता आमच्या इकडची माणसं पहा. बांधीत धानाचा रोवणा करणारी, कापूस वेचणारी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारी. ते काय दुधात आंघोळ करून येतात? पण पोट्टीचा फोटो गोरा नाई निघाला तं बाप स्टुडिओच्या पायरीवर उभा राहून वाद घालते. भैयाजी म्हणे, "गिऱ्हाईक जे मागते ते द्याचं." अरे, पण जो मागत नाई त्याले बी तू तेच देऊन राह्यला ना! दाखल्याच्या फोटोले आलेला म्हातारा असो, का बँकेच्या पासबुकासाठी आलेली बाई असो, सगळ्याईले एकच नंबर. विचारणं नाई, सांगणं नाई. मी कितीक फोटो फ्रेम केले असतील, काचेखाली माणूस ठेवतानी मले कोण कोणाचा बाप तेच समजत नव्हतं.

रंजीता मूळची ऊर्जानगरकडची. तिचा बाप तिथल्या वीजघरात ठेकेदाराकडं कामाले होता. घरी ये तो कोळशानं काळा होऊन. आंघोळ केली तरी काळाच दिसे, कारण तो होताच काळा. ती म्हणते, "भाऊ, लहानपणापासून मले समजते, कोळसा कोणता अन माणूस कोणता." चंद्रपुरात तिनं फोटोग्राफीचा कोर्स केला, लग्न करून इकडं आली, अन नवरा भाड्याची गाडी चालवते म्हणून घरी बसून न रायता भैयाजीकडं लागली. लग्नात बाई फोटो काढते हे पाहून पह्यले लोक हसत. ती कमरेले बॅग बांधून, चपला काढून, थेट स्टेजवर चढे अन नवरदेवाच्या मामाले म्हणे, "मामाजी, बाजूले सरका, तुमचं पोट येऊन राह्यलं." मंग हसणं बंद होई.

पह्यला मोठा खटका उडाला आमच्या गल्लीतल्या नूतनच्या लग्नात. आम्ही बौद्ध, आमच्यात नवरदेव-नवरी पांढऱ्या कपड्यात असतात. रंजीतानं एक फोटो गोऱ्या नंबरावर काढून पाह्यला अन मले बोलावून दाखवला. साडी कुठी सरते अन नूतन कुठी सुरू होते काहीच समजे ना! नुसता टिकला अन दोन डोळे. तिनं टेप उचकटला. डायल दुसऱ्या नंबरावर नेला, रंग जसा आहे तसा ठेवला, अन संगं कच्चा फोटो बी जमा कराले लावला. कच्चा म्हणजे ज्याले कॅमेरा हात लावत नाई, तो. जागा खाते, पण मंग कधी बी मूळ चेहरा सापडते.

अल्बम झाला. इतका सुंदर अल्बम या गावात झाला नव्हता, लिहून घ्या. नूतनची मावससासू स्टुडिओत पानं उलटवतानी म्हणते कशी, "माय वो, पोरगी इतकी सावळी काऊन दिसून राह्यली?" रंजीता म्हणली, "बाई, पोरगी तुमच्या बाजूलेच बसली आहे. अल्बम ठेवा अन तिले पाहून घ्या." मी भिंतीपलीकडं असा हसलो का हातातली काच फुटता फुटता वाचली.

भैयाजी हसला नाई. "कार्ड भरते तुझ्या त्या कच्च्यानं! अन गिऱ्हाईक जाते ते वेगळंच!" असं म्हणून त्यानं कॅमेरा पुन्हा होता तसा केला, नवा टेप लावला. रंजीतानं बी सांगून टाकलं, "तुमचा नंबर तुमच्यापाशी. माझ्या हातून असा फोटो कोणाले जाणार नाई." लग्नाले ती दुकानातला जुना, दुसरा कॅमेरा घेऊन जाऊ लागली. अन तिनं शब्द पाळला. लोकं भांडले, भैयाजी बोलला, पण तिच्या हातून चुना फासलेला एक चेहरा दुकानाबाहेर गेला नाई.

आता बुधरीचं सांगतो. आठवलं का अजून माझं डोकं फिरते.

बुधरी आत्राम ही धाबा गावाकडच्या एका टोल्यावरची, लहानशा पाड्यावरची पोट्टी. भरतीची तयारी करे. कोणत्या खात्याची भरती ते सांगत नाई, उगाच मांगं लचांड नको. सकाळी सकाळी रोडवर धावे तं हरणीनं पाहत राहावं. रंजीताले तिचा जीव लागला होता, ती स्कुटीवर तिच्या मांगं मांगं जाये अन ओरडे, "हात हलव! हात हलव बुधरे!" पोट्टीच्या घरी कोणाले कधी पगार म्हणून भेटला नव्हता. वयाची अट अशी होती का हाच शेवटचा चान्स. हे दोघीले बी माहीत होतं.

फॉर्मसाठी बुधरी फोटो काढाले आली त्या दिवशी रंजीता राजुऱ्याले लग्नात होती. फोटो काढला भैयाजीनं. कोणत्या नंबरावर ते सांगाची गरज नाई. बुधरीच्या डाव्या गालावर बारीक तीळ आहे. फॉर्मात ओळखीची खूण म्हणून तोच लिहिला होता. भैयाजीच्या नंबरानं पोट्टी गोरी केली अन तीळ बी पुसून टाकला. वर पाठ थोपटली, "पाह्य, कशी हिरोईन दिसून राह्यली!" बिचारी पाया पडून गेली.

भरतीच्या दिवशी सकाळी रंजीताले फोन आला. चंद्रपूरच्या मैदानाबाहेरच्या चहावाल्याच्या मोबाईलवरून बुधरी बोलून राह्यली होती. "ताई, मले आत घेऊन नाई राह्यले. म्हणतात फोटोतली पोरगी तू नोहे. म्हणतात, खूण तिळाची अन फोटोत तीळच नाई. डमी म्हणतात मले." ओळखपत्र होतं, पण त्याच्यावरचा फोटो ती शाळेत होती तेव्हाचा. अंगठा लावाचं मशीन होतं, पण त्याचं सर्व्हर बंद पडलं होतं. साहेबानं सांगतलं होतं, दुपारपर्यंत पुरावा आण, नाईतर बाद.

चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात ते हेच! फोटो गोरा केला भैयाजीनं अन डमी कोण, तं बुधरी!

रंजीता स्टुडिओत शिरली तवा मी मांगंच होतो. ती म्हणली, "बुधरीचा मूळ फोटो द्या."

"मूळ कोणता? जो काढला तोच मूळ."

"कच्चा ठेवला नाई?"

"कार्ड भरते म्हणून तं तुले कितींदा सांगतलं. अन ते कार्ड बी मी साफ केलं."

"मंग चला माझ्यासंग. तिथी साहेबाले सांगा का हे मी केलं म्हणून."

भैयाजी खुर्चीतून हलला नाई. म्हणते, "मी काऊन येऊ? मी काय गुन्हा केला? फोटो चांगलाच काढला ना? लोकं माझ्या दुकानाले काय म्हणतील?"

मले असा राग आला का वाटलं हातातली हातोडी... जाऊ द्या. पोट्टीची जिंदगी तिकडं गेटाबाहेर बसली आहे अन या भल्या माणसाले दुकानाच्या नावाची पडली! रंजीतानं खुंटीवरचा तोच टेपवाला कॅमेरा काढला, गळ्यात घातला अन म्हणली, "हा घेऊन चालली. थांबवाचं असन तं थांबवा." भैयाजी बोंबलत राह्यला अन मी गाडीले किक मारली.

मैदानाच्या गेटापाशी बुधरी भिंतीले टेकून बसली होती. रडत नव्हती. बूट बांधून तयार बसली होती.

आत मंडपात टेबल, टेबलामांगं साहेब. साहेब बी आपल्यासारखेच, उन्हातले. गालावर जुन्या मुरुमाचे खड्डे, डोळ्याखाली पिशव्या. रंजीतानं सारं समजावून सांगतलं. साहेब म्हणाले, "मॅडम, असं कॅमेऱ्यानं तीळ जातो होय? डमीचे प्रकार आम्ही रोज बघतो."

रंजीतानं बुधरीले टेबलासमोर उभं केलं, फोटो काढला, स्क्रीन साहेबाच्या तोंडापुढं धरली. पोट्टी गोरी, तीळ गायब. साहेब म्हणाले, "हा आधीच भरून आणला असेल."

आता याले काय म्हणाचं? समोर पोट्टी उभी आहे, घामानं चिंब, गालावर तीळ आहे, बोट लावून पाहून घे ना बाप्पा! पण नाई. माणसापेक्षा कागदावर भरोसा.

"मंग साहेब, तुमचाच काढते," रंजीता म्हणली. साहेबानं आधी केस सारखे केले. मंग शर्टाची कॉलर. क्लिक झालं. तिनं स्क्रीन दाखवली.

साहेब बघतच राह्यले. खड्डे नाई, पिशव्या नाई, नुसता चंद्र! बाजूचा शिपाई वाकून पाहून म्हणला, "अरे वा साहेब!" साहेबानं घसा साफ केला. म्हणाले, "हं. असं होतं तर." हमीपत्र लिहून घेतलं, बुधरीचा नवा फोटो, खरा, तिळासकट, रंजीताकडून टेप उचकटून, डायल फिरवून काढून घेतला, अन कागदावर सही ठोकली. माझा जीव भांड्यात पडला. शिट्टीवाला पुढची तुकडी उभी करून राह्यला होता, बुधरी कागदासाठी हात पुढं करून उभी होती.

साहेबानं कागद देला नाई. त्याच्यावर कोपर ठेवला अन म्हणाले, "मॅडम, तो माझा फोटो जरा मोबाईलवर पाठवा ना."

मी तं पेटलोच. म्हणलं, "साहेब, आत्ता तुम्हीच याच फोटोपायी या पोरीले..." रंजीतानं माझा हात असा दाबला का नखं रुतली. ती साहेबाले म्हणली, "साहेब, तो खोटा आहे. थांबा, दुसरा काढते, चांगला येईन."

"नाही नाही," साहेब म्हणाले. "तोच हवा. छान आलाय."

पलीकडं तुकडी मोजून झाली होती. बुधरी एकदा कागदाकडं पाहे, एकदा मैदानाकडं. रंजीतानं कॅमेऱ्याचं वायफाय चालू केलं अन फोटो पाठवला. साहेबानं तिथीच, आमच्यासमोर, तो आपल्या व्हॉट्सॲपले लावला, मोबाईल दूर धरून पाह्यला, मंग कोपर उचलला. बुधरी कागद घेऊन पळाली.

आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर आलो तवा माझं तोंड सुटलं. म्हणलं, "अवं, इतकी वर्षं तू साऱ्या गावासंग भांडली. नूतनच्या सासरच्याईले नाई देला, भैयाजीले भीक नाई घातली. अन या माणसाले देला? ज्यानं तिले डमी म्हणलं त्याले? डिलीट झाला म्हणून सांगतलं असतं तं काय बिघडत होतं?"

तिच्या डोळ्यात पाणी होतं, अन ते रडण्याचं नव्हतं, रागाचं होतं. कुंपणाची तार दोन्ही हातानं धरून ती मैदानाकडं पाहत होती.

"भाऊ," ती म्हणली, "तिचा कागद त्याच्या कोपराखाली होता."