दूध टाकणारा तारा

उस्मानपुऱ्यात बसून ताऱ्यांची बाळंतपणं करणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझा मावसभाऊ आहे. कॉलेजात फिजिक्स शिकवून घरी आला की तो कॉम्प्युटरवर नुकता जन्मलेला तारा वाढवत बसतो. असा तारा भोवतालचा वायू ओढून घेतो आणि त्यातला थोडा वर-खाली दोन्हीकडे जोरात फेकून देतो; ते फेकणं गणितानं हुबेहूब उभं करायचं, हा त्याचा ध्यास. त्याच्या पडद्यावर तासाभरात शंभर वर्षं सरतात आणि त्याचा संसारही त्याच मापानं चालतो. जेवायला हाक मारली की "पन्नास वर्षांत आलोच" म्हणतो. वाळूजला माझ्या मुलीच्या लग्नाला हा तीनशे वर्षं उशिरा पोचला, तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते. गणित चालू असताना फ्यूज उडेल म्हणून मिक्सर लावायला बंदी, त्यामुळे त्या घरातली चटणी कायम पाट्यावरची.

त्याला खरं शहाणं केलं ते मावशीनं. मावशी पैठणकडची, शाळेचं तोंड न पाहिलेली. तारा वायू का फेकतो, हे त्यानं तिला एकदा घाम गाळून समजावलं. ती म्हणाली, "आरं, मग तान्हं लेकरू दूध टाकतंच की! जास्तीचं टाकतं, तवाच अंग धरतं." तेव्हापासून त्या घरात तोच शास्त्रीय शब्द. पुढे एका परिषदेत, भल्याभल्यांसमोर, इंग्रजीत बोलता बोलता हा "आता इथं तारा दूध टाकतो" असं मराठीत म्हणून गेला. त्यात काही चुकलं, हे त्याला अजून पटलेलं नाही.

मावशीनं अंथरूण धरलं, तेव्हा तिचा एकच प्रश्न असायचा, "लेकरानं अंग धरलं का रं?" इकडे गणित दर वेळी एकाच जागी कोलमडत होतं. तिच्या डोळ्यांदेखत तारा मोठा व्हावा म्हणून त्यानं जिवाचं रान केलं. शेवटच्या दुपारी तिनं पुन्हा विचारलं. दशांशाचीही लबाडी न करणारा हा माणूस म्हणाला, "धरलं, आई." "लई ब्येस झालं," म्हणून तिनं डोळे मिटले. मी शेजारीच होतो. मला तिथं बसवेना.

परवा त्याचा फोन आला. "दादा, अंग धरलं बघ. खरंच धरलं." मी तसाच निघालो. पडद्यावर तारा चांगला बाळसेदार दिसत होता. मी त्याच्याच भाषेत विचारलं, "किती वर्षांचा झाला रे?"

तो पडद्याकडे न बघताच म्हणाला, "आई जाऊन आठ महिने झाले."