विमानाला ओवाळायला निघालेली मनकर्णाबाई

चिचपल्लीच्या बाजूला कोणाकडं लग्न निघालं की पहिला निरोप मनकर्णाबाईकडं जायचा. पळसाची पानं आणि बांबूच्या बारीक काड्या घेऊन ती अंगणात बसली की बोलता बोलता पत्रावळींची चळत उभी राहायची. तिच्या पत्रावळीतून वरण कधी गळलं नाही. पानं तोडायला गेली की आधी झाडाच्या बुंध्याला हात लावून म्हणायची, "घेतो हो माय, चार पानं." झाड काही बोलायचं नाही, पण थोडा वेळ थांबल्याशिवाय तिचा हात वर जात नसे.

तिच्या भावाचं नावही पत्रू. मनकर्णानंतरची आईची लेकरं जगली नव्हती, म्हणून हा जन्मला तसा सुइणीनं त्याला पत्रावळीवर ठेवून शेजारणीला देऊन टाकला आणि मूठभर कोंडा देऊन परत विकत घेतला. अशा कोंड्याच्या पोराकडं कोण नजर वळवून पाहील? पोर जगलं, आई मात्र त्याच साली गेली. मनकर्णा लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा पत्रू तिच्या कडेवर होता. बायका हसल्या, "रामाजीच्या बायकोनं आंदणात भाऊ आणला गं!" रामाजी भला माणूस. तो म्हणाला, "गाय आणली असती तं चारा कापा लागला असता. हा भाकर खाते, बरा आहे."

तोच पत्रू शिकला, कागदाच्या कारखान्यात लागला, आणि बांबूचा लगदा कसा करतात ते शिकायला कारखान्यानं त्याला थेट जर्मनीला पाठवला. निघताना चांद्याच्या स्टेशनावर मनकर्णाबाईनं त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली.

"भांदक टेसन येईन, नागोबाच्या देवळाचं. खाली उतरजो. मातीले हात लावजो, कपाळाले लावजो. नागोबाले म्हण, जाऊन येतो. आन् परत येशीन तवा पयले त्यालेच सांगजो, आलो म्हणून."

"बाई, गाडी सुटून जाईन ना!"

"सुटत नाई. देवाचं काम असलं का गाडी थांबते."

हे ती उगाच म्हणत नव्हती. तिला ठाऊक असलेली गाडी म्हणजे चिचपल्लीवरून जाणारी छोटी गाडी. रूळ अरुंद, डबे बुटके, आणि चाल अशी की खिडकीतून हात काढला तर ओळखीच्या झाडाचं पान हाताला लागावं. जंगलात एका वळणावर शेंदूर लावलेला देव होता. तिथं आलं की ड्रायव्हर गाडी हळू करायचा. लोक सुपारी टाकायचे, हात जोडायचे, एखादी म्हातारी खाली उतरून डोकंही टेकून यायची. तोवर गार्ड हिरवं निशाण काखेत धरून उभा. मनकर्णाबाईला वाटायचं, गाडीचा धर्मच असा.

पत्रूला जाऊन दोन भाऊबीजा झाल्या. दोन्ही वेळा तिनं अंगणात पाट मांडला आणि चंद्राला ओवाळलं. चंद्र काही ओवाळणी घालत नाही, पण आभाळ जर्मनीवरही तेच असेल, एवढा तिचा हिशोब होता.

दुसऱ्या भाऊबीजेनंतर चार-सहा दिवसांनी, धान कापणीला आलेलं असताना, बांबूच्या ठेकेदाराचे मुनीम नानाजी सायकलवर आले.

"मनकर्णाबाई, पत्रू उद्या दुपारी नागपूरले उतरून राह्यला. विमानानं! कारखान्यात तार आली. त्यानं सांगून धाडलं, बाईले म्हणा घरीच राहा. येण्याजाण्यात पैसा जाते आन् जीव दमते."

मनकर्णाबाईच्या हातातलं पान हातातच राहिलं. समुद्रापलीकडून आलेलं लेकरू, किती जणांची नजर लागलेली असेल! त्याच्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्यानं गावची वाट चालावी? आणि ओवाळायचं ते विमानाच्या पायरीशीच, हे तिनं तो गेला त्याच दिवशी मनात धरून ठेवलं होतं.

"नानाजीभाऊ, आपल्या छोट्या गाडीनं गेली तं?"

"तिनं गेल्या तं पत्रू इथी येऊन जेवण करून झोपून जाईन, आन् तुमी नागभीडलेच दुसऱ्या गाडीची वाट पाहत बसान."

"मंग?"

"मंग एक्सप्रेस. चांद्याहून सकाळी निघते, दुपारच्या आत नागपूर. पण भाडं लय आहे बाई. आन् नागपूरचं टेसन म्हणजे काई विमानाचं अंगण नोहे. विमान सोनेगावले उतरते, तिथी जाले टांगा करा लागते. नवखी बाई पाह्यली का टांगेवाला एक्सप्रेसच्या वर मांगते."

मनकर्णाबाई कपाळावर आठी घालून म्हणाली, "एवढं मोठं विमान उडवतेत, आन् त्याच्या पायापासून गावापर्यंत एक गाडी टाकता येत नाई यायले?"

रामाजी आत गेला आणि मडक्यातला पुरचुंडा घेऊन आला. बैलांच्या झुलीसाठी ठेवलेले पैसे होते. "जाय. बैल यंदाबी उघडेच हिंडतीन. त्याइले काई लाज नाई."

कोंबडा आरवायच्या सुमाराला रामाजीनं बंडी जुंपली. धुकं एवढं होतं की बैलांची शिंगं तेवढी पुढं तरंगताना दिसत. मनकर्णाबाईच्या मांडीवर पितळी ताट होतं, फडक्यात बांधलेलं. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता, तांदळाची भाकर आणि गुळाचा खडा. कुंकवाचा करंडा कमरेच्या बटव्यात. चांद्याला रामाजीनं तिला गाडीत बसवून दिलं आणि खिडकीशी उभा राहून म्हणाला, "हरवू नको."

एक्सप्रेस सुटली आणि मनकर्णाबाईचा जीव पहिल्यांदा वर आला तो बराच वेळ खाली बसेना. झाडं ओळखू येत नव्हती. साग कोणता, पळस कोणता, ऐन कोणता, काही कळायच्या आत सगळं मिळून एक हिरवं पातळ वाऱ्यावर उडत गेल्यासारखं मागं जायचं. समोरच्या बाकावर नागपूरची एक बाई लोकर विणत बसली होती. ती म्हणाली, "घाबरू नका, आताच पोचतो." मनकर्णाबाईला वाटलं, पोचतो खरं, पण मधलं सगळं जाते कुठी?

तिचा डोळा लागला. तिला दिसलं, विमान त्यांच्या धानाच्या बांधीत उतरतंय, मोठ्या धनेश पाखरासारखं, पंखांचा आवाज करत. त्याच्या पोटाशी छोटी गाडी लागलेली. ड्रायव्हर म्हणतो, चला बाई, तुमच्या अंगणापर्यंत जाते ही. आणि पत्रू खाली उतरतो तो केवढासा, कडेवर मावेल एवढा.

धक्का बसला. गाडी थांबली होती. खिडकीबाहेर फलाट, धुक्यात पुसट झालेली पाटी, आणि कोणीतरी म्हणालं, "भांदक."

एक्सप्रेस भांदकला थांबत नसे. पुढचा सिग्नल पडलेला नव्हता, म्हणून थबकली होती, एवढंच. पण मनकर्णाबाईला ते कुठून कळावं? तिचा ऊर भरून आला. एवढी मोठी गाडी, एवढी घाईची, तीही नागोबापाशी थांबली!

"ताटावर नजर ठेवजा बाई," ती लोकरवालीला म्हणाली, "मी देवाले सांगून येतो."

"अहो, इथं थांबा नाही! अहो..."

पण ती उतरली होती. फलाटाच्या कडेला जाऊन, जिथं खरी माती होती तिथं, देवळाच्या दिशेला तोंड करून ती वाकली. नागोबा, लेकरू आलं. तुझ्या भरवशावर पाठवलं होतं, तुझ्या भरवशावर आणायला चालली. माती कपाळाला लावली. उठली, तर मागं डबे सरकत होते. तिनं हात वर केला, जसा छोट्या गाडीच्या गार्डाला करायची. गार्डाच्या डब्यातला माणूस तिच्याकडं बघतच पुढं गेला. मग रूळ तेवढे राहिले.

स्टेशनमास्तर धावत आले. "बाई, एक्सप्रेसमधून असं कोणी उतरतं का?"

"देवासाठी थांबली होती ना ते?"

मास्तरांनी घड्याळाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आता नागपूरकडं गाडी दुपारी. ती पोचेपर्यंत विमान येऊन गेलेलं असेल. संध्याकाळची पॅसेंजर नागपूरहून येते, तिनं चांद्याला परत जा."

मनकर्णाबाई पळसाखालच्या बाकावर बसली. दिवस वर आला, धुकं विरलं, शेतांवर ऊन पसरलं. रुळांचे सांधे बदलणाऱ्या पैटमन बुधूनं तिला लोट्यातून पाणी आणून दिलं आणि भाकर दिली. ती तिनं खाल्ली नाही, पदरात बांधून ठेवली. दुपार झाली तशी तिची नजर आभाळाकडं जाऊ लागली. आता उतरला असेल. परक्या गावात, टांगेवाल्याशी घासाघीस करत उभा असेल. अंगावरून तुकडा ओवाळायला कोणी नाही. झुलीचे पैसे गेले, ताट गेलं, आणि ज्याच्यासाठी गेलं ते काम झालंच नाही. देवावर राग धरणं तिला जमायचं नाही. ती एवढंच म्हणाली, "नागोबा, मी तुले सांगाले उतरली, आन् तू मले इथीच बसवून ठेवलं. असू दे. तुले माहीत."

बुधू दिवे पुसता पुसता म्हणाला, "मावशी, तुम्ही छोट्या गाडीचं मानूस. मोठी गाडी कोनाची नाई राहत."

दिवेलागणीला पॅसेंजर आली. पुन्हा धुकं उतरू लागलं होतं. बुधूनं तिला दंडाला धरून डब्याशी नेलं. तिनं दांडी पकडली, एक पाय पायरीवर ठेवला, आणि सवयीनं मागं वळून देवळाच्या दिशेला पाहिलं.

फलाटाच्या कडेला, ती सकाळी वाकली होती तिथंच, एक कोटवाला माणूस वाकला होता. त्यानं मातीला हात लावला, कपाळाला लावला. ओठ हलले.

ती पाठ मनकर्णाबाईनं अंघोळ घालून घालून मोठी केलेली होती.

गार्डानं शिट्टी दिली. बुधू ओरडला, "चढा मावशी, चढा!"

तिनं दांडी सोडली. "जाऊ दे," ती म्हणाली, आणि पाय खाली घेतला.

"पत्रू!"

तो माणूस दचकला. गाडी हलली. तो एकदा गाडीकडं, एकदा तिच्याकडं पाहत राहिला, आणि गाडी गेली.

"बाई? तू... तू इथी कशी?"

"तुले आणाले निघाली होती. तुह्या विमानाले ओवाळाले."

"आन् ताट?"

"नागपूरले गेलं."

पत्रू हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. "माही ट्रंक चांद्याले गेली ना बाई!"

"चांगलं झालं. तुही ट्रंक चांद्याले, माहं ताट नागपूरले. आता आपल्या दोघायपाशी काईच नाई."

मास्तर दोन्हीकडं निरोप देतो म्हणाले आणि हसू दाबत खोलीत गेले.

मनकर्णाबाई पळसापाशी गेली. बुंध्याला हात लावला, "घेतो हो माय," आणि थांबली. मग खालच्या फांदीची पानं तोडून, जमिनीवरच्या काड्या टाचून तिनं एक पत्रावळ केली. बुधूनं पणतीत मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल आणून दिलं. वात तिनं पदराच्या काठाची वळली. बटव्यातून कुंकू काढलं.

"इथी बस. तोंड उगवतीकडं कर."

तो बाकावर बसला, बूट काढून. कुंकू लावताना त्यानं विचारलं, "एक्सप्रेसनं आली होती? किती पैसे गेले असतीन!"

"बैलायले विचार. तू सांग, विमान कसं राह्यते?"

"विमान काई नाई बाई. मुंबईहून नागपूर, डोळा मिटला आन् उघडला. पण सोनेगावहून टेसनावर याले टांग्यात जीव गेला. घोडं रस्त्यात चरत होतं."

"मंग तिथून गाडी काऊन टाकत नाई?"

"टाकतीन बाई. जर्मनीत लोक बोलत होते, विमानापासून शहरात नेणारी गाडी. लय वेगाची. मधात कुठी थांबणार नाई."

मनकर्णाबाईचा हात ओवाळता ओवाळता थांबला. धुक्यातून लांब कुठंतरी मालगाडीचा आवाज येत होता. तिनं पणतीच्या ज्योतीपुढं तळहात धरला.

"मधात थांबणार नाई, तं मंग नागोबाले कोन सांगन?" ती म्हणाली, आणि पुन्हा ओवाळू लागली.

मालगाडी धाडधाड करत फलाटावरून निघून गेली, वारा आला, ज्योत आडवी झाली आणि तिच्या हाताआड पुन्हा उभी राहिली. मग तिनं पदराची गाठ सोडली. बुधूच्या भाकरीचे दोन तुकडे मोडले, भावाच्या डोक्यावरून उतरवले, आणि एक नागपूरच्या अंगाला टाकला, एक चांद्याच्या.