पालीचा श्रावण

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या झटक्यात पास केलेली नाही, आणि त्या गोष्टींत मीही आलो. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी तयार मालाची तपासणी केली, आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांची तपासणी काही थांबलेली नाही. लोकांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात जाडी मापायचं व्हर्निअर. लग्नाच्या पंगतीत ताटातल्या दोन जिलब्या शेजारी ठेवून ते आचाऱ्याला बोलावून घेतात. आमच्या गारखेड्याच्या फ्लॅटची वास्तुशांत चालू असताना, गुरुजी मंत्र म्हणतायत, मी सोवळं नेसून बसलोय, आणि या गृहस्थांनी खिशातून एक गोटी काढून हॉलमध्ये सोडली. गोटी घरंगळत थेट देवघरापाशी गेली. "साडूभाऊ, ढाळ चुकलाय तुमचा," ते सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले. तेव्हापासून आमच्या हिला हॉलमध्ये बसलं की गरगरतं. मला विचाराल तर अशा माणसाला चार हात लांबून नमस्कार करावा, पण साडू पडले, लांब तरी किती जाणार.

तर या साडूंच्या घरी वरच्या खोलीत वाशिमकडची एक मुलगी भाड्याने राहायची. इंजिनिअरिंगला होती. तिला पुण्यात नोकरी लागली आणि ती आषाढाच्या शेवटी सामान आवरून निघाली. सगळं नेलं, एक काचेची पेटी तेवढी मागे राहिली. पेटीत पाल. आपल्या भिंतीवरची नव्हे, मुद्दाम पाळतात ती परदेशी, पिवळी, अंगभर काळे ठिपके. ही भिंतीवर चढत नाही, चुकचुकत नाही, आणि हिला चक्क पापण्या असतात. आपण बघत बसलो की तीही डोळे मिटून उघडून आपल्याकडे बघते. नाव बर्फी. पुण्यातली घरमालकीण पाल ठेवू देईना, तेव्हा दुसरी खोली मिळेपर्यंत बर्फीला सांभाळा, भाऊबीजेला मी न्यायला येते, असं ती मुलगी म्हणाली आणि साडू हो म्हणाले. जो माणूस माझी स्कूटर दोन तास ठेवून घेताना टायर, आरसे आणि सीटचा टाका तपासतो, त्याने पाल न तपासता ठेवून घेतली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मुलगी बर्फीला खायला अळ्यांचा एक डबा देऊन गेली. रोज चार अळ्या, वरून कॅल्शियमची पावडर, इतकंच काम.

पण तीन दिवसांत श्रावण लागला. आक्कांचा श्रावण म्हणजे काय ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही, सोमवार, मंगळवार, शुक्रवार, शनिवार, सगळे वार बांधलेले. आधीच पाल अंगावर पडली की डोक्यावरून आंघोळ करणारी बाई. पेटीवरचं फडकं बदललं तरी त्यांनी आंघोळ करायला सुरुवात केली होती. त्यांनी फर्मान काढलं, माझ्या घरात महिनाभर जीवहत्या होणार नाही. अळ्यांचा डबा त्यांनी स्वतःच्या हाताने नेऊन मागच्या लिंबाखाली रिकामा केला आणि अळ्यांना हात जोडले. मग पालीने खायचं काय? तर घरात जे होतं ते. भिजवलेली मूगडाळ. दही-भाताचं शीत. सोमवारी भगर. एकादशीला, मी खोटं सांगत नाही, राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा. बर्फी त्याच्याकडे बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. "भूक लागली का खाईल," साडू म्हणायचे. तिकडून दर रविवारी त्या मुलीचा फोन यायचा, आणि हा सत्यवचनी माणूस सांगायचा, "मजेत हाय बर्फी. काय काळजी करू नको."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते माझ्या दारात उभे. हातात बुटाचं खोकं, तोंडावर रंग नाही. "साडूभाऊ, गाडी काढा. पोरीची पाल मरायलीय." मी खोक्यात डोकावलो. या जातीच्या पालीची सगळी चरबी शेपटीत साठते, तिची शेपूट अंगठ्याएवढी जाड पाहिजे. हिची आगपेटीच्या काडीसारखी झाली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात. साडू रोज व्हर्निअरने तिची शेपूट मापत होते आणि वहीत लिहीत होते, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे रोज आकडा उतरतोय हे या माणसाला दिसत होतं, आणि हा श्रावण संपायची वाट बघत होता. मला असा संताप आला. म्हटलं, अहो तीस वर्षं कारखान्यात काय केलंत? माल बाद होतोय दिसल्यावर मशीन थांबवायचं की वही लिहायची? त्यांनी वही मिटली. त्यांची चूक निघाल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, पण आनंद मात्र झाला नाही.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या पुढे एक म्हैस होती आणि मागे दोन शेळ्या. शेळीवाल्या बाबांनी खोक्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेळ्या घेऊन जरा लांब जाऊन बसले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी पालीचा जबडा हलकेच दाबून बघितला. हाडं मऊ पडायला लागलीत म्हणाल्या. कोमट पाण्यात रोज पाच मिनिटं ठेवा, पोटाखाली ऊब द्या, औषध एकेक थेंब नाकावर सोडा म्हणजे चाटेल, आणि जिवंत किडे द्या, मात्र औषध फवारलेले नकोत, नाहीतर लगेच जाईल. आणि वजन रोज बघा. घरचा काटा एवढं कमी वजन दाखवीना, म्हणून साडू मला सराफ्यातल्या त्यांच्या ओळखीच्या सोनाराकडे घेऊन गेले. सोनाराने आधी काटा पुसला, मखमलीचा कपडा टाकला, "काय मोडायचंय काका?" असं विचारलं, आणि खोकं उघडल्यावर तो गादीवरून उठून आत गेला. वजन शेवटी आम्हीच केलं. त्या दुकानात आता मला माझ्या मुलीचे दागिने करता येणार नाहीत.

मग किडे. त्याच संध्याकाळी साडू एक रिकामा डबा घेऊन आमच्या घरी आले आणि आमच्या हिला म्हणाले, "तुमच्या ज्वारीत किडे असतील नं? आमच्या घरी नाय सापडत." आता आक्कांच्या कोठीतल्या धान्याला कधी किडा लागला नाही, हा त्या दोघी बहिणींतला जुना आणि नाजूक विषय. ही आत गेली, ज्वारीचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि परातीत ओतला. दोघांनी मिळून तासभर निवडली, एक किडा सापडला नाही. ही विजयी मुद्रेने उठली, साडू खाली मान घालून निघाले, आणि चहा विचारायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिल्लोडच्या बाजूला गेलो. बिनफवारणीचं मक्याचं शेत शोधायचं होतं. रस्त्याकडेच्या पहिल्याच शेतात साडूंनी धन्याला विचारलं, "किडे लागलेत का हो तुमच्या मक्याला?" तो पठ्ठ्या चिडला. "आमच्या मक्याला किडा? दोन फवारे मारलेत, एक किडा दाखवा, नाव बदलतो." दुसऱ्या शेतातल्या माणसाने आमच्याकडे नीट बघितलं, साडूंची वही बघितली, व्हर्निअर बघितलं, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. आम्ही पंचनामा करायला आलेले साहेब आहोत असं त्याच्या मनाने घेतलं. "लई नुकसान हाय साहेब. समदं खाल्लंय. बसा, चहा घ्या, मग लिवा." त्याने आम्हाला बांधाबांधाने फिरवलं, कोवळ्या पानांच्या पोंग्यात लपलेल्या अळ्या दाखवल्या. साडूंचे डोळे चमकले, त्यांनी डबा पुढे केला, आणि मग तो बिचारा सवयीने म्हणून गेला, "परवाच औषध मारलंय, तरी मरंनात." साडूंनी डब्याला झाकण लावलं. आम्ही पालीसाठी आलोय हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने उरलेला चहा परत किटलीत ओतला नाही एवढंच.

शेवटी शोभेच्या माशांच्या दुकानात, मुलीने दिल्या होत्या तशाच अळ्या मिळाल्या. पण त्या कोंड्यात ठेवून पोसाव्या लागतात, आणि आक्कांच्या स्वयंपाकघरात ते सांगायची साडूंची हिंमत होईना. मला पुढे केलं. मी घाबरतच आत गेलो, तर आक्का आधीच ओट्यापाशी उभ्या होत्या, गव्हाचा कोंडा चाळत. मागे न बघता म्हणाल्या, "श्रावण माझा व्हता भाऊजी. तिचा नव्हता. मला कळायला पायजे व्हतं." आणि हुंदका आला तसा त्यांनी चाळणीचा आवाज वाढवला. त्या दिवसापासून अळ्यांचा डबा त्यांनी आपल्याकडे घेतला. तीन वेळा हात लावायच्या, तीन वेळा डोक्यावरून आंघोळ करायच्या. आठवड्याने सर्दी झाली तेव्हा आंघोळी थांबल्या, डबा थांबला नाही.

बर्फी औषध चाटायची, पण अळी खाईना. पितृपक्ष लागला. गल्लीत घरोघरी पानं ठेवून लोक कावळ्याची वाट बघत होते, आणि आम्ही तिघं पेटीपुढे बसून पालीची. साडू चिमट्यात अळी धरून हात जराही न हलवता अर्धा अर्धा तास बसायचे. मला दुकान होतं, घर होतं, पण मीही बसायचो, का ते विचारू नका. नवमीच्या दिवशी दुपारी बर्फीने मान वर केली. शेपटीचं टोक थरथरलं. आणि तिने अळी घेतली. साडूंनी चिमटा खाली ठेवला, चष्मा काढला, आणि नाक शिंकरायला म्हणून जे बाहेर गेले ते पाव तासाने आत आले. आक्कांनी देवापुढे साखर ठेवली. मी ताबडतोब घरी फोन करून हिला सांगितलं, आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली.

तिथून पुढे नवरात्र, दसरा, कोजागरी, रोज फोन. "आज दोन खाल्ल्या." "आज शेपूट थोडी भरली." जेवायला बसलो की फोन, गिऱ्हाईक समोर असलं की फोन. वैताग होता. एक दिवस फोन आला नाही तर मीच केला. दिवाळीपर्यंत शेपूट चांगली टम्म झाली, ठिपके उजळले, आणि भाऊबीजेला ती मुलगी ठरल्याप्रमाणे आली.

तिने बर्फीला तळहातावर घेतलं, म्हणाली, "काका, किती छान ठेवलीत." मी मनात म्हटलं, सुटलो. आणि नेमके तेव्हा हे गृहस्थ उभे राहिले. मी त्यांचा सदरा ओढला, उपयोग झाला नाही. "पोरी, हिला मी महिनाभर उपाशी ठेवलं. मरायला टेकली व्हती. फोनवर मी तुला खोटं सांगितलं." मुलीचा चेहरा पांढरा पडला. आक्का दारात पदर धरून उभ्या. मुलीने बर्फीची शेपूट बोटाने चाचपून बघितली, तिचे डोळे भरून आले. मग हळूच म्हणाली, "तिकडं मी दिवसभर नसते. तिला इथंच राहू द्या ना, काका." मला वाटलं, आता तरी हा माणूस हो म्हणेल. त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं त्याला काय हवंय ते. पण साडू म्हणाले, "नाय. अमानत हाय तुझी. न्यावी लागंल." आणि औषध कधी, पाणी किती कोमट, ऊब कशी द्यायची, हे सगळं त्यांनी तिला दोनदा म्हणून दाखवलं. आक्कांनी चिवड्याचा डबा दिला आणि त्यावर अळ्यांचा डबा ठेवला.

तिला बसमध्ये बसवून परत येताना मी साडूंना चांगलं झापलं. म्हटलं, सांगायची काय गरज होती? पाल धडधाकट, पोरगी खूश, तिला जन्मात कळलं नसतं. स्कूटरच्या मागच्या सीटवरून ते म्हणाले, "कळलं नसतं, म्हणून तर सांगावं लागलं." पुढे घर येईपर्यंत माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात मला फार जड वाटला.

हल्ली ते संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसतात. परवा दिवेलागणीला आमच्या हॉलच्या भिंतीवर एक पाल निघाली, आपली साधी, मातकट. ही झाडू घेऊन उठली. साडूंनी मान वर करून पालीकडे एकटक बघितलं. "राहू द्या," ते हळूच म्हणाले. "लई वाळलीय." ही थबकली, तिने झाडू खाली ठेवला. मी उठलो आणि पालीजवळचा दिवा लावला. दिव्यावर किडे येतात.