सरळ बसवलेलं स्टीअरिंग

यंदाच्या अधिक महिन्यात बायकोच्या माहेरून, बेल्याहून, धोंड्याच्या जेवणाचा निरोप आला. सत्तरी ओलांडलेल्या जावयाचेही त्या घरात पाय धुतात. निरोप ऐकला आणि नेहमीप्रमाणे जाणं टाळावंसं वाटलं. आता त्याचं कारण सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आदिलाबादला माझं गॅरेज होतं. बायकोच्या धाकट्या भावाकडे एक जुनी जीप होती. कापूस वेचणाऱ्या बायकांना तो तिच्यातून शेतात नेई. काळ्या मातीतल्या चाकोऱ्या इतक्या खोल की जीपचं पोट मधल्या उंचवट्यावर घासायचं. म्हणून त्याने ती उंच करून मागितली. सासरच्या सगळ्यांसमोर मी शब्द दिला, "वेचणीच्या पहिल्या दिवसाच्या आत गाडी दारात उभी करतो."

स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून, पाट्या टांगणाऱ्या कड्या, म्हणजे शॅकल, लांब लावून मी जीप चार बोटं उचलली. उचलणं सोपं असतं. स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा पूर्वी जवळजवळ आडवा होता, तो आता तिरपा झाला. असा दांडा तिरपा राहिला की खड्ड्यात चाक वरखाली होताना तो स्वतःच चाकाला बाजूला ढकलतो, चालवणाऱ्याने हात हलवला नाही तरी. त्यासाठी त्या दांड्याला धरणारा, खाली वाकलेला आर्म लागतो आणि पुढच्या आसाचा कल पाचर देऊन पुन्हा बसवावा लागतो. आर्म नागपूरहून यायचा होता. तो आला नाही.

मी टायरांना सुतळी लावून पाहिली. दोन्ही चाकं एकमेकांशी सरळ होती. पण सुतळी उभ्या गाडीचं सांगते, धावत्या गाडीचं नाही. हे मला माहीत होतं.

रेल्वे फाटकापर्यंत मी एकटाच जीप घेऊन गेलो. फाटकाअलीकडच्या गतिरोधकावर स्टीअरिंग माझ्या हातातून डावीकडे हिसकलं. कुणीतरी मनगट पिरगाळावं तसं. परत येताना मी सायकलच्या वेगाने आलो आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना हाताने पुढे जा, पुढे जा म्हणत राहिलो.

गाडी सरळ जाताना स्टीअरिंग वाकडं दिसत होतं. ते तसंच राहिलं असतं तर मेव्हण्याच्या नजरेत भरलं असतं. मी मधला नट सोडला, स्टीअरिंग उपसून काढलं आणि सरळ करून परत बसवलं. दोष तसाच ठेवला, फक्त दिसेनासा केला.

गाडी न्यायला तो आला. गल्लीत एक चक्कर मारून म्हणाला, "भाऊजी, डावीकडं ओढून राह्यली का जराशी?"

"उंच गाडीची सवय नाही तुले. जावयावर भरवसा नाही काऊन?"

त्याने कान पकडले. "तसं कसं भाऊजी! तुमच्यावर शंका घेतली तर बाई मले घरात घेईन का?" माझ्या बायकोला तो बाई म्हणतो. हसत हसत गाडी घेऊन गेला. जावयाला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, ही त्या घरची रीत. तिच्याआड मी लपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन वर येत असताना, पुलाच्या अलीकडच्या खड्ड्यात चाक आपटलं आणि जीप डाव्या नालीत उलटली. स्टीअरिंगवर मेव्हणा, मागे पाच बाया होत्या. जीव सगळ्यांचे वाचले. एकीचा पाय मात्र कायमचा आखडला.

पंचनाम्याला मी तिथे होतो. गाड्यांतलं कळणारा म्हणून पोलिसांनी मलाच विचारलं, "गाडीत काही दोष?"

उलटलेल्या जीपचा तो तिरपा दांडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडा होता. कुणी वाकून पाहील, कुणी बोट दाखवील, म्हणून मी त्याच्यापुढे उभा राहिलो.

"नाही," म्हणालो.

मग कागदावर आलं, चालकाला डुलकी लागली. गावाने तेच धरलं. मेव्हण्याने पुन्हा स्टीअरिंग हाती घेतलं नाही. मोटारसायकलवरसुद्धा तो मागे बसतो. दर धोंड्याला तो माझे पाय धुवायचा, आणि मी त्याच्या हातांकडे बघायचं टाळायचो.

यंदा त्याची बायको परात आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा मी पाय आखडून घेतले. सगळं सांगितलं. दांडा, नट, सरळ बसवलेलं स्टीअरिंग. सांगताना तो उठून मारेल असं वाटत होतं. त्याने मारावं असंही वाटत होतं.

त्याने स्वतःचे पंजे उलटेपालटे करून पाहिले.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "मले वाटे, सारेच म्हणतात तर लागली असन डुलकी. स्टीअरिंग तर मी सरळच धरलं होतं. मंग वाटे, सपनात धरलं असन."

त्याने बायकोच्या हातातला तांब्या घेऊन बाजूला ठेवला. "जेवा भाऊजी. पाय आज धुत नाही. तुमी मले सांगतलं, पण जिचा पाय गेला तिले कोन सांगन? ते अजून माह्या दारावरून तोंड फिरवून जाते."

"मी सांगतो."

"नुसतं तोंडानं नोका सांगू. लिहून आना. तोंडचं तुमी फिरवता."

म्हणून हे लिहिलं. उद्या हा कागद घेऊन आम्ही दोघं तिच्या अंगणात जाणार आहोत. ती काय बोलेल, तिचे मुलगे काय करतील, ठाऊक नाही. तिथे माझा आवाज निघाला नाही तर हा कागद मेव्हण्याने वाचायचा, असं ठरलं आहे. त्याला वाचायला सोपं जावं म्हणून महत्त्वाची ओळ शेवटी, मोठ्या अक्षरात लिहितो.

तो जागा होता. दोष गाडीत होता, आणि तो मी ठेवला होता.