कठड्याचे सात बोल्ट

फुंकरमामांसमोर भिंतीचा विषय काढायचा नाही, हे पथ्य त्यांच्या ओळखीतले सगळे पाळत. नवखा कोणी चुकून बोलून गेला, "मामा, फोटो लावायचाय, इथे खिळा ठोकू का?" की मेलाच तो. मामा आधी कपाळावर हात मारून घेणार, मग भिंतीला कान लावून ती बोटांनी वाजवून बघणार, आणि पोकळ विटेची भिंत कशी दगाबाज, भरीव विटेची कशी बरी आणि काँक्रीटची कशी खानदानी, हे चहा गार होईपर्यंत सांगणार. फोटो बिचारा जमिनीवरच. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातली मांडणी अकरा वर्षं जमिनीवर उभी होती, कारण ती भिंत मामांच्या पसंतीस उतरली नव्हती.

काम तसं साधं. काँक्रीटमध्ये भोक पाडायचं आणि त्यात बोल्ट असा बसवायचा की पुन्हा निघता कामा नये. त्याला म्हणतात अँकर. अँकर दोन जातींचे. एक पिळला की आतल्या आत फुगतो आणि भोकाला धरून बसतो, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा. पण काठाजवळ तो फुगला तर काठच फुटतो, म्हणून तिथे दुसरी जात. वीतभर खोल भोकात केमिकल भरायचं, त्यात बोल्ट पिळत पिळत घालायचा, आणि ते दगडासारखं होईपर्यंत हात लावायचा नाही. मात्र भोकात धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. "तीनदा फुंक, तीनदा ब्रश, पुन्हा तीनदा फुंक!" असं मामा येताजाता ओरडत. फुंकायला हातपंप मिळायचा, पण मामांचा त्यावर विश्वास नव्हता. ते नळी भोकात घालून तोंडानं फुंकत, धूळ उलटून त्यांच्याच तोंडावर येई, आणि संध्याकाळी पांढऱ्या भुवया घेऊन ते घरी जात. नाव पडलं ते त्यावरून. बारसं कोणी केलं कोणास ठाऊक, पण खरं नाव हजेरीच्या वहीशिवाय कुठे उरलं नव्हतं.

या सगळ्या शहाणपणाचा खरा फायदा झाला तो एकाच माणसाला, मामीला. मामांच्या बायकोचे गुडघे दुखत. कुठेही जास्त वेळ उभं राहायचं तर तिला टेकायला काहीतरी लागे. दवाखान्याचा जिना असो नाहीतर रस्त्यावरचा पूल, ती कठड्यापाशी थांबायची आणि विचारायची, "अहो, टेकू का?" मग मामा खाली बसून खांबाच्या तळाची प्लेट बघणार, नट चाचपणार, कठड्याला एक सणसणीत लाथ घालणार आणि उठून म्हणणार, "टेक." लोक बघायचे, हसायचे. मामी मात्र सगळा भार टाकून निवांत उभी राहायची. बावीस वर्षांच्या संसारात मामांनी इतर बाबतींत थापा कमी मारल्या असतील असं नाही, पण हा एक शब्द कधी खोटा पडला नव्हता आणि मामीनं तो कधी तपासूनही पाहिला नव्हता. तिच्या लेखी नवऱ्याची खरी कमाई तीच.

आता माणूस म्हटला की एखादी खोट असतेच. मामांची खोट पांढऱ्या रंगाची होती. बांधकामावर कामगारांना पिवळं हेल्मेट आणि मुकादमाला पांढरं. अठरा वर्षं पिवळं घालून मामांचं डोकं तापलं होतं. पांढऱ्या हेल्मेटवाल्याला फक्त बोट दाखवायचं असतं, भोक दुसरा पाडतो! एकदा जेवणाच्या सुट्टीत मामांनी मुकादमाचं हेल्मेट घालून खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं होतं. कोणी पाहिलं नाही असं त्यांना वाटलं. सगळ्यांनी पाहिलं होतं.

आणि तेव्हाच ते वाचनालयाचं काम आलं. खाली मोठा हॉल, वर तीन बाजूंनी गॅलरी, गॅलरीला लोखंडी कठडा. बारा खांब, प्रत्येक खांबाला चार बोल्ट, एकूण अठ्ठेचाळीस. गॅलरीचा काठ, म्हणजे केमिकलचं काम, म्हणजे मामाच. पहिले सहा खांब मामांनी असे बसवले की बघत राहावं. सातव्या खांबाला मशीन किंचाळलं. आत सळई. शेजारी भोक पाडलं, तिथेही सळई. खालून तुळई गेलेली, तिच्यातल्या सळयांचं जंगलच होतं तिथे. सातव्या खांबाची चारही भोकं आणि आठव्याची तीन, दोन बोटांच्या पुढे जाईनात.

"सरकवायला लागेल," मामा ठेकेदाराला म्हणाले. "प्लेटा नवीन करा, भोकं दुसरीकडे घेऊ. आठ दिवस."

ठेकेदार फोनवर होता. फोनवर हात ठेवून त्यानं विचारलं, "उद्घाटन कधी आहे?"

"परवा."

"मग बोल्ट कापा की! वरून दिसतो तो नट. खाली वीत आहे का दोन बोटं आहेत, कोण खणून बघणार आहे?" आणि मामांच्या चेहऱ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "मामा, पुढच्या कामाला मला मुकादम लागणार आहे. समजूतदार माणूस हवाय."

झालं! जो माणूस दुसऱ्याच्या घरात एका खिळ्यासाठी तासभर प्रवचन देई, त्याला समजूतदार व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, दुसरं काय? मामांनी सात बोल्ट कापले. मनाशी म्हणाले, कठडाच आहे, छत थोडंच आहे? मग म्हणाले, बाकीचे एक्केचाळीस धरतीलच की. त्या सात भोकांत त्यांनी फुंकरसुद्धा मारली नाही. खोट्या कामात खरी फुंकर मारायची त्यांना लाज वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. बोल्टला यंत्र लावून ओढून बघायचं, निघाला नाही तर पास. अठ्ठेचाळीसातले तीन ओढायचे, आणि कोणते ते साहेबांनी स्वतःच्या मर्जीनं निवडायचे, असा नियम. साहेबांनी मर्जीनं निवडले, म्हणजे ठेकेदारानं बोट दाखवलं ते. तिन्ही पास. साहेबांनी सही केली, बिस्किट खाल्लं आणि मामांना "शाब्बास" म्हणाले. संध्याकाळी मामा ठेकेदारानं दिलेलं पांढरं हेल्मेट घेऊन घरी गेले. जेवतानाही ते त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवलं होतं.

"उद्या मलाही न्या," मामी म्हणाली. "तुमचं काम बघू तरी."

मामांनी हेल्मेट खुर्चीवरून उचलून मांडीवर घेतलं. पण नाही म्हणायला काही कारण सुचेना.

उद्घाटनाला ही गर्दी! खाली व्यासपीठ, हार, माईक. फीत कापली आणि लोक वर गॅलरीत शिरले. व्यासपीठ सगळ्यांत छान दिसत होतं ते नेमकं सातव्या-आठव्या खांबामधून. मामा आधीपासूनच तिथे पाय रोवून उभे होते. कोणी जवळ आलं की "तिकडून बघा, तिकडून चांगलं दिसतं," असं म्हणत होते. एका आजोबांना त्यांनी चक्क हाताला धरून बाजूला केलं. पांढऱ्या हेल्मेटमुळे लोक निमूट ऐकत होते. समारंभाला हेल्मेट घालून आलेला तो एकटाच माणूस, तरी कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

तेवढ्यात मामी जिना चढून आली. धापा टाकत होती. गुडघ्यांनी दावा मांडला होता. ती सरळ नवऱ्यापाशी आली, कठड्याजवळ थांबली आणि नेहमीसारखं म्हणाली, "अहो, टेकू का?"

मामांचं तोंड उघडलं. शब्द बाहेर येईना. दोन अक्षरं फक्त! बोल्ट कापताना हात अडखळला नव्हता, साहेबांसमोर जीभ अडखळली नव्हती. आता मात्र अडखळली.

"इथे नको," ते कसेबसे म्हणाले. "तिकडे टेक. पहिल्या खांबाला."

मामीनं नवऱ्याकडे बघितलं, मग वाकून प्लेटीकडे बघितलं. बावीस वर्षं प्रवचनं ऐकलेली बाई ती. "किती?" तिनं हळूच विचारलं.

"सात."

"आणि ही माणसं?"

कारण त्याच वेळी ठेकेदार पाहुण्यांना घेऊन वर येत होता. मागे फोटोवाला. "इथेच घ्या," फोटोवाला म्हणाला, "मागे सगळा हॉल येतोय. सगळे जरा कठड्याला टेकून उभे राहा, सैल, मजेत." चौदा-पंधरा माणसं मजेत टेकायला निघाली.

"टेकू नका!" मामा ओरडले. असे ओरडले की खालचं भाषण थांबलं. "मागे व्हा! कोणी हात लावायचा नाही!"

ठेकेदार हसत पुढे आला, "मामांना गर्दीची सवय नाही हो..." पण मामा खाली बसले होते. खिशातला पाना काढून त्यांनी सातव्या खांबाच्या नटाला लावला आणि ओढला. नटाबरोबर बोल्टच फिरला. दोन आटे, तीन आटे, आणि तो चिमटीत वर आला. बोटाच्या दोन पेरांएवढा. त्याच्या अंगाला केमिकल होतं आणि केमिकलला पांढरी धूळ, पिठीसाखर लावल्यासारखी. मामांनी तो पाहुण्यांच्या तळहातावर ठेवला. पाहुणे कठड्यापासून दोन पावलं मागे सरले.

"असे सात आहेत," मामा म्हणाले. "मी कापले."

पुढचं काय सांगावं! ठेकेदारानं पाचच मिनिटांत माईक धरला आणि आपल्या कडक देखरेखीमुळेच एका कामगाराची गंभीर चूक वेळेत कशी उघडकीला आली, ते सांगितलं. टाळ्यासुद्धा पडल्या. साहेबांनी कानांवर हात ठेवले. आपण निवडलेले तीन तर पास होते ना? पांढरं हेल्मेट त्याच संध्याकाळी परत गेलं आणि सोमवारी दुसऱ्याच एका समजूतदार डोक्यावर दिसलं. मामांना हाकलतीलच असं सगळ्यांना वाटलं होतं, पण काठाजवळचं केमिकलचं काम येणारा दुसरा माणूस मिळेना. म्हणून पिवळं हेल्मेट घालून मामांनीच सगळं पुन्हा केलं. नवीन प्लेटा, सरकवलेली भोकं, वीतभर खोल. तीनदा फुंक, तीनदा ब्रश, पुन्हा तीनदा फुंक. या वेळी साहेब स्टूल टाकून समोर बसले होते आणि त्यांनी तीन नाही, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस बोल्ट ओढून बघितले. एकही हलला नाही. आता त्या कठड्याला हत्ती बांधला असता तरी चाललं असतं.

वाचनालय सुरू झालं त्या आठवड्यात मामा मामीला घेऊन गेले. हट्टानंच नेलं म्हणा ना. भुवया अजून पांढऱ्याच होत्या. मामी एकेक पायरी चढत, मध्ये थांबत वर आली, आणि सातव्या खांबापाशी उभी राहिली. मामा तिच्याकडे बघत होते. ती विचारेल म्हणून वाट बघत होते. तिनं खाली हॉल बघितला, वर पंखे बघितले, पुस्तकांची कपाटं बघितली. विचारलं नाही.

"टेक ना," शेवटी मामाच म्हणाले. त्यांनी कठड्याला लाथ घातली, मग दुसरी घातली. "अगं, टेक. सगळे वीतभर आहेत. साहेबांनी स्वतः ओढून बघितलेत."

"असू दे," मामी म्हणाली. "आज गुडघे बरे आहेत."

आणि दोन्ही हातांनी गुडघे दाबत ती गॅलरीच्या मधोमध उभी राहिली.